धरणाआधीचे शिवार : जुने हवाई फोटो आपण का आणि कसे वाचायचे

(सोलापूर जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजचा माझा विषय ज्वारीच्या भावाचा नाही, कापसाच्या खरेदीचा नाही, वीजबिलाचाही नाही. विषय फोटोचा आहे. फोटो म्हटल्यावर तुम्हाला पुढाऱ्याचा हार घातलेला फोटो आठवेल, तो नव्हे. विमानातून किंवा उपग्रहातून काढलेला, आपल्या शिवाराचा, पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा फोटो. धरण बांधायच्या आधीचा, बांधकाम चालू असतानाचा आणि बांधून झाल्यावरचा.

तुम्ही म्हणाल, कोरडवाहू शेतकऱ्याला ही चैन कशाला? कारण सांगतो.

आपल्या जिल्ह्याची जमीन गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत वारंवार खणली आणि भरली गेली. १८५८ ते १८६० या काळात लोहमार्ग डिकसळहून बार्शी रोड, मोहोळ करत सोलापूरला आला. १८७१ साली सोलापूरजवळचा एकरूखचा, म्हणजे आपला हिप्परग्याचा तलाव पुरा झाला. १९४२ च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर सरकारी बांधबंदिस्ती झाली. १९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते झाले. १९६९ ते १९८० या काळात भीमेवर उजनी उभे राहिले, मागून कालवे आले. आता महामार्ग येत आहेत.

या प्रत्येक कामाचा नकाशा कुठल्या ना कुठल्या कचेरीत आहे. शेतकऱ्याकडे काय आहे? म्हाताऱ्याची आठवण. "ओढा इथून जात होता", "पाणंद इकडून होती", "इथे आमची मोटेची विहीर होती". म्हातारा खरे बोलतो, पण कचेरीत आठवणीला वजन नसते. साहेब विचारतो, कागद आहे का? जुना हवाई फोटो हा तो कागद आहे. तो कोणा पाटलाने काढलेला नाही, कोणा इंजिनियरने काढलेला नाही. त्याला तुमच्या भांडणात कुठली बाजू नव्हती. मात्र हा साक्षीदार बोलतो त्याच्याशीच, ज्याला त्याची भाषा कळते. ती भाषा शिकायला पदवी लागत नाही. पीक बघून जमिनीचा पोत सांगणाऱ्या माणसाला ती निम्मी आधीच येते.

हे फोटो आले कुठून

आपल्या देशात नकाशे काढणारे सरकारी खाते म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभाग. स्थापना १७६७ सालची, म्हणजे पेशवाईतली. विमाने आल्यावर नकाशे हवाई फोटोंवरून होऊ लागले. तुमच्या गावाचा जो सर्व्हे ऑफ इंडियाचा तपकिरी-निळा नकाशा आहे, त्याच्यामागे बहुधा असे फोटो आहेत. पण हे फोटो संरक्षणाच्या नावाखाली कुलपात राहिले. जमीन आमची, पीक आमचे, बांध आमचा, आणि वरून काढलेला त्याचा फोटो आम्हीच बघायचा नाही, असा कारभार होता. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने नकाशे आणि भू-माहितीवरचे बरेच निर्बंध सैल केले. नकाशांच्या पीडीएफ प्रती तर या विभागाने २०१७ पासूनच संगणकावरून फुकट मिळतील अशी सोय केली.

दुसरा साठा आहे अमेरिकेचा, आणि त्याची हकीकत मजेदार आहे. रशिया आणि चीनवर नजर ठेवायला अमेरिकेने १९६० पासून 'कोरोना' नावाचे हेर उपग्रह सोडले. त्या काळी फोटो आकाशातून तारेने पाठवायची सोय नव्हती. फिल्म भरलेला डबा उपग्रहातून खाली सोडत, तो हवाई छत्रीने उतरू लागला की विमान त्याला आकड्याने अधांतरीच उचलून घेई. १९७२ पर्यंत हे चालले. जाता जाता इतर देशांच्या मुलखाचेही फोटो निघाले, आपल्याही देशाचे निघाले. फेब्रुवारी १९९५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हुकमाने हे आठ लाखांहून अधिक फोटो खुले झाले. शेवटच्या कॅमेऱ्यांचे फोटो इतके बारीक आहेत की जमिनीवरची सुमारे दोन मीटरची वस्तू ओळखू येते. म्हणजे माणूस दिसणार नाही, पण विहीर, बांध, गाडीवाट, घर दिसेल. त्यानंतरच्या 'हेक्सागॉन' नावाच्या उपग्रहांचे १९७० च्या दशकातले बरेच फोटोही पुढे खुले झाले. म्हणजे उजनीचे काम चालू होते, तीच वर्षे.

तिसरा साठा १९७२ पासूनच्या लँडसॅट उपग्रहांचा. ते सुरुवातीचे फोटो भरड आहेत. त्यातला एक ठिपका म्हणजे सुमारे ८० मीटर लांब-रुंद जमीन, दीड एकराहून जास्त. त्यात तुमचा बांध दिसणार नाही, पण जलाशय कोणत्या साली कुठवर भरला होता ते दिसेल. २००८ पासून हे फोटो फुकट आहेत. आपला स्वतःचा आयआरएस उपग्रह मार्च १९८८ मध्ये गेला, आणि २००९ पासून इस्रोचे 'भुवन' संगणकावर पाहता येते.

वाचायच्या आधी तीन प्रश्न

फोटो हातात आला की लगेच आपले घर शोधू नका. आधी तीन प्रश्न विचारा.

पहिला, तारीख कोणती? साल तर हवेच, पण महिनाही हवा. डिसेंबरचा फोटो असेल तर रब्बी ज्वारी उभी आहे आणि कापूस वेचणीत आहे. एप्रिलचा असेल तर शिवार उघडे आहे. डिसेंबरच्या फोटोत करडी दिसणारी पट्टी एप्रिलमध्ये पांढरट दिसेल, जमीन तीच. ज्याला आपल्या भागाचा पीकहंगाम माहीत नाही तो इथेच फसतो. तुम्ही फसणार नाही.

दुसरा, माप काय? १ : २५,००० प्रमाणाचा फोटो म्हणजे फोटोवरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. हवाई फोटोची प्रत साधारण २३ सेंटीमीटर चौरस असते, म्हणजे अशा एका फोटोत पावणेसहा किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद मुलूख मावतो. एक एकराचा चौरस तुकडा त्यावर जेमतेम अडीच मिलीमीटरचा. म्हणून भिंग हवे.

तिसरा, सावली कोणत्या बाजूला? आपल्याकडे हिवाळ्यात भरदुपारची सावली उत्तरेकडे पडते. नकाशासारखी उत्तर वर करून फोटो धरला की सावली आपल्यापासून दूर पडते, आणि डोळा फसतो. टेकडी खड्ड्यासारखी आणि ओढा भरावासारखा दिसतो. फोटो उलटा फिरवा, दक्षिण वर करा, सावली स्वतःच्या अंगाकडे येऊ द्या. टेकडी पुन्हा टेकडी होते. ही एवढी एक गोष्ट आजच्या भाषणातून घरी नेलीत तरी पुष्कळ झाले. धरणाचा भराव आणि खोदलेला कालवा, दोन्ही लांबच लांब रेघाच असतात. भराव कोणता आणि खोदाई कोणती, हे सावलीच सांगते.

एकापुढे एक काढलेल्या दोन हवाई फोटोंत सुमारे ६० टक्के भाग सामाईक असतो. असे जोडफोटो दोन भिंगांच्या साध्या यंत्राखाली ठेवले की जमीन उठावाने दिसते, चढ-उतार हाताला लागेल असा. शेतकी कॉलेजात, भूजल खात्यात, भूगोलाच्या प्राध्यापकांकडे हे यंत्र अनेकदा धूळ खात पडलेले असते. मागून घ्या.

रंग नाही, छटा आहे

जुने फोटो काळे-पांढरे. त्यात हिरवे शोधू नका. ओली जमीन गडद, वाळलेली फिकी. काळी जमीन गडद, मुरमाड माळ फिका. नुकताच खणलेला मुरूम तर पांढराशुभ्र. खोल, स्वच्छ पाणी काळे दिसते, गढूळ पाणी फिके, आणि सूर्य नेमका समोर असला तर तेच पाणी आरशासारखे पांढरे. म्हणून पाण्याला रंगावरून नव्हे, काठाच्या आकारावरून ओळखा.

आकार बघा. निसर्ग वाकडातिकडा चालतो, माणूस सरळ. ओघळ झाडाच्या फांद्यांसारखी मोठ्या ओढ्याला मिळते. गाडीवाट वळसे घेते, कारण बैलाला चढ नको असतो. मालकीचा बांध बहुधा सरळ असतो. सरकारी बांधबंदिस्तीचे ताल मात्र समपातळीने नागमोडी जातात आणि दोन-तीन मालकांच्या रानातून न विचारता पार होतात. जुन्या फोटोत असे नागमोडी ताल दिसले आणि आज त्या जागी सपाट रान असेल, तर आपल्या शिवाराची माती कुठे आणि का वाहून गेली याचे उत्तर तुमच्या हातात आहे.

मोटेची विहीर कशी ओळखायची? काळा ठिपका आणि त्याला चिकटलेली एक आखूड फिकट पट्टी. ती पट्टी म्हणजे धाव, बैलांनी तुडवून पांढरी केलेली. शहरातल्या फोटो-तज्ज्ञाला तो ठिपका झाडाची सावली वाटेल. ज्याने धाव पाहिली आहे त्याला वाटणार नाही.

बांधकामाच्या खुणा

आता मुख्य मुद्द्यावर येतो. बांधकाम चालू असताना जमीन जे बोलते, ते बांधकाम संपल्यावर झाकले जाते. धरण बांधून झाल्यावर दिसतो तो भराव, सांडवा आणि पाणी. पण खाली काय आहे आणि माती कुठली आहे, हे चालू कामाच्या फोटोतच दिसते.

जुना लोहमार्ग घ्या. उजनीच्या पाण्यामुळे डिकसळकडचा जुना मार्ग हलवावा लागला आणि जुना पूल मागे राहिला. असा सोडलेला लोहमार्ग फोटोत रस्त्यापासून कसा वेगळा काढायचा? तो एकतर सरळ जातो किंवा लांबलचक, मऊ वळण घेतो, कारण आगगाडीला काटकोन जमत नाही. त्याच्या दोन्ही अंगांना खड्ड्यांची माळ असते. भरावाची माती जवळूनच उचललेली असते. पावसाळ्यानंतरच्या फोटोत या खड्ड्यांत पाणी साठून काळ्या मण्यांची ओळ दिसते. गाडीवाटेला अशी माळ नसते.

आता मातीचे धरण. सुरुवातीच्या फोटोत ओढ्याला आडवी एक अरुंद गडद रेघ दिसते. ती पायाची चर, साहेब लोक तिला सीओटी म्हणतात. खालून पाणी पाझरू नये म्हणून कठीण थरापर्यंत खणून ती काळ्या मातीने भरतात. मग दिसतात माती-खाणी, वेड्यावाकड्या फिक्या चट्ट्यांसारख्या. प्रत्येक चट्ट्यातून बारीक पांढऱ्या वाटा भरावाकडे धावतात, जशा मुंग्यांच्या वाटा वारुळाकडे. दगडाची खाण असेल तर तिची एक कडा काळ्याकुट्ट सावलीची असते. बाजूला ओळीने मांडलेले ठिपके म्हणजे मजुरांच्या झोपड्या. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. त्यांचे नाव कोणत्याही पाझर तलावाच्या कोनशिलेवर नाही. असेल तर अशा फोटोतल्या ठिपक्यांत.

शेवटी सांडवा बघा. तो भरावाच्या एका टोकाला, कठीण जमिनीत काढलेला असतो. त्याचे पाणी कुठे सोडले आहे हे फोटोत नीट पाहा. मूळ ओढ्यात नेऊन सोडले आहे, की कोणाच्या तरी रानात मोकळे सोडले आहे? तलावाआधीच्या फोटोत त्या रानात ओघळ नसेल, आणि तलावानंतरच्या फोटोत नवी ओघळ उमटली असेल, तर ती ओघळ देवाने काढलेली नाही. ती बांधकामाने काढलेली आहे. दोन फोटो शेजारी ठेवले की हे सांगायला वकील लागत नाही.

उजनी : आधी, चालू, नंतर

उजनी हे आपल्या जिल्ह्यातले सगळ्यात मोठे बांधकाम. अडीच किलोमीटर लांब, ५६ मीटर उंच, ४१ दरवाजे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृत साठा. म्हणूनच 'धरण उणे' ही भाषा आपण ऐकतो. जिवंत साठा संपून पाणी मृत साठ्यात उतरले की उणे टक्के सुरू होतात. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेले होते.

पाणी असे खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. लोक गाड्या करून बघायला जातात. मी म्हणतो, जरूर जा, पण हातात जुना फोटो घेऊन जा. कारण फोटो वाचायला खुंट्या लागतात. खुंटी म्हणजे जुन्या फोटोतही आहे आणि आजही आहे अशी वस्तू. देऊळ, पूल, टेकडीचे टोक, नदीचे खडकाळ वळण. अशा किमान चार खुंट्या, फोटोच्या चारी अंगांना, पक्क्या झाल्या की मधली जागा ठरवता येते. देवळापासून विहीर किती अंतरावर, पाणंद कोणत्या दिशेला, हे मोजून जमिनीवर उभे राहता येते. एरवी जे फक्त कागदावर आहे, ते दुष्काळी उन्हाळ्यात पायाखाली येते. फोटोचा अंदाज जमिनीवर जाऊन तपासल्याशिवाय खरा मानायचा नाही, हा या विद्येचा पहिला नियम आहे, आणि उजनी आपल्याला ती संधी अधूनमधून देते.

पीकही फोटो काढते

दुष्काळाचा आणि फोटोचा संबंध इथेच संपत नाही. इंग्लंडात क्रॉफर्ड नावाचा भूगोलाचा जाणकार होऊन गेला. स्टोनहेंज म्हणून तिथे हजारो वर्षांपूर्वीची प्रचंड दगडांची रचना आहे. तिच्याकडे येणारा जुना मार्ग पुढे शेतात हरवला होता. १९२१ च्या कोरड्या उन्हाळ्यात तिथल्या हवाई दलाने काढलेल्या फोटोंत क्रॉफर्डला पिकात उमटलेल्या दोन रेघा दिसल्या. १९२३ मध्ये तिथे खणून पाहिले तेव्हा मार्गाच्या दोन्ही बाजूंचे बुजलेले चर सापडले.

हे का होते ते तुम्हाला सांगायला नको. बुजलेल्या चरात माती खोल, ओल जास्त. तिथले पीक उंच राहते, उशिरा पिवळे पडते. गाडलेल्या भिंतीवर माती उथळ, तिथले पीक आधी करपते. पाऊसपाणी भरपूर झाले तर हा फरक झाकला जातो, कमी पावसात उघडा पडतो. आपल्या कोरडवाहू ज्वारीत तर हे दरसाल दिसते. एकाच रानात एक पट्टा हिरवा आणि शेजारचा सुकलेला. आपण म्हणतो, 'इथे जमीन हलकी आहे.' हलकी का आहे, हे विचारा. खाली जुना ओढा बुजला आहे का? माती-खाणीचा खड्डा मुरमाने भरला आहे का? आपल्या वाडवडिलांनी गावाची 'पांढरी' आणि शेताची 'काळी' असे दोन शब्द केले तेच मुळी जमीन वाचून केले. जिथे वस्ती होती तिथे राख, शेण, पडलेल्या भिंती मिसळून माती पांढुरकी झाली. वरून पाहिले तर ती पांढरी जुन्या फोटोत फिकट डागासारखी उठून दिसते, गाव केव्हाच उठून गेले असले तरी.

याचा उपयोग काय

पहिला उपयोग ओढ्यांचा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे नदी-नाले सरकारच्या मालकीचे. तरी ते बुजवले जातात, आणि पाणी शेजारच्याच्या रानात घुसते. कोणी ओढा अडवला किंवा पाणंद बंद केली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत. जुना प्रवाह होता हे दाखवायला सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा आणि हवाई फोटो जोडा. भांडण तोंडी राहत नाही.

दुसरा, कालव्यांचा. समजा तुमच्या शिवारात कालव्याआधीच्या फोटोत पाच ओघळी दिसतात आणि कालव्याखालून मोऱ्या दोनच आहेत. मग उरलेल्या तीन ओघळींचे पाणी कुठे गेले? ते कालव्याच्या वरच्या अंगाला तुंबले आणि पाच-दहा वर्षांत तिथली काळी जमीन चोपण झाली. अशा वेळी 'शेतकऱ्यानेच पाणी जास्त दिले' हे ठरावीक उत्तर ऐकायचे नाही. फोटोवर ओघळी मोजायच्या आणि मोऱ्या मागायच्या.

तिसरा, गाळ काढण्याचा. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांतून गाळ निघतो आहे. गाळ चांगला, जरूर न्या. पण भरावाच्या पायथ्याशी खोल खणून धरणाच्या मुळावर येऊ नका. मूळ ओढ्याचे पात्र कुठे होते, तिथे गाळाचा थर जाड असतो. जुन्या माती-खाणी कुठे होत्या, तिथे मुरूम लवकर लागतो. ट्रॅक्टर लावायच्या आधी फोटो बघितला तर डिझेल वाचेल.

चौथा, नव्या संपादनाचा. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे. त्यात बाजारभाव प्राथमिक अधिसूचनेच्या तारखेचा धरतात, आणि विहीर, झाडे, घर यांची किंमत वेगळी होते. सुरत-चेन्नई महामार्गासाठी आपल्या जिल्ह्यात मोजण्या झाल्या, तिथल्या शेतकऱ्यांना मोजणीवेळच्या वादांची चव माहीत आहे. अधिसूचनेच्या आधीचा फोटो, तारखेसकट, छापून ठेवा. झाड होते की नव्हते, विहीर होती की नव्हती, याचा वाद मग शब्दावर जात नाही.

फोटो काय सांगत नाही

भावांनो, मी इथे जादूची कांडी विकायला आलेलो नाही. फोटो मालकी सांगत नाही. बांध दिसतो, बांध कोणाचा ते दिसत नाही. त्याला सात-बारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशाच लागतो. एकत्रीकरणाच्या आधीचे सर्व्हे नंबर आणि नंतरचे गट यांचा मेळ आधी घाला, मगच बोट ठेवा.

कोरोनाच्या फोटोवरून थेट क्षेत्रफळ काढू नका. त्याचा कॅमेरा फिरत फोटो घेई, त्यामुळे पट्टीच्या टोकांना जमीन ओढली-ताणली जाते. तिथे एकर-गुंठे मोजणारा तोंडघशी पडेल. फिल्मवरचा ओरखडा रस्त्यासारखा दिसतो, ढगाची सावली तळ्यासारखी दिसते. म्हणून एका फोटोवर विश्वास ठेवू नका. दोन वेगळ्या तारखांच्या फोटोंत जे दिसते तेच धरा.

आणि १८९४ च्या जुन्या कायद्याखाली ज्यांचे निवाडे होऊन पैसे मिळाले, त्यांची प्रकरणे फोटो दाखवून आपोआप उघडत नाहीत. कायद्याच्या मुदती असतात. कोणी 'फोटो काढून देतो, वाढीव मोबदला मिळवून देतो' म्हणून पैसे मागत आला तर त्याला उंबऱ्याबाहेर ठेवा.

आता करायचे काम

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक तालुक्याने एक गाव निवडावे. त्या गावाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा काढावा. सोलापूर शहराचा भाग ४७ ओ या मालिकेत येतो, उजनी धरण ४७ एन मध्ये, अक्कलकोटकडचा पूर्वेचा भाग ५६ सी मध्ये. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या यादीत आपल्या गावाची चौकट टाकून कोणत्या सालचे फोटो आहेत ते पाहावे. कॉलेजातली पोरे हे काम तासाभरात करतील, त्यांना जुंपा. पाटबंधारे किंवा जलसंधारण खात्याकडे तुमच्या तलावाचा मूळ आराखडा, सांडव्याची जागा आणि माती-खाणींचा नकाशा २००५ च्या माहिती अधिकाराखाली मागा.

मग गावातली सत्तरीच्या पुढची माणसे पारावर बसवा. फोटो मोठा करून समोर पसरा, दक्षिण वर करून. त्यांना विचारा, ही रेघ कसली, हा ठिपका कोणाची विहीर, हा डाग कशाचा. त्यांचे बोलणे फोटोवरच्या पारदर्शक कागदावर लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या सहीनिशी आणि तारखेनिशी. फोटोत जे दिसते ते निळ्या शाईने, माणसाने सांगितले ते तांबड्या शाईने. दोन्ही कधी मिसळू नका. उद्या कचेरीत त्याचाच उपयोग होणार आहे.

हे काम यंदाच करायला हवे, कारण फोटो शंभर वर्षे टिकेल, पण त्यातली धाव कोणाची आणि ओढा कोणत्या नावाचा, हे सांगणारी माणसे दरसाल कमी होत आहेत. १९७२ च्या कामावर ज्यांनी विशीत माती वाहिली, ती आज सत्तरीच्या पुढे आहेत. आपल्या शिवाराचा हिशेब आजवर दुसऱ्यांनी कागदावर मांडला आणि आपण अंगठा दिला. हा एक कागद असा आहे की जो वाचायला त्यांच्यापेक्षा आपण लायक आहोत. तो मागून घ्या, वाचा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.